चुलीवरची पाळी

उन्हाळा लागला की लोकांना मोगरा आठवतो, आंबा आठवतो, आजोळ आठवतं. मला गरम प्लॅस्टिकचा वास आठवतो. तसा मोगरा माझ्या दारातच आहे. गास गावातल्या आमच्या वाडीत अजूनही उजाडायच्या आत कळ्या खुडतात, ओल्या फडक्यात गुंडाळतात, आणि त्या वासातून चालत मी रिक्षा पकडायला निघते. पण वसईच्या पूर्वेला, कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये आमच्या कंपनीचं शटर वर गेलं की तो दुसरा वास येतो. आंबट, घशाला चिकटणारा. मग दिवसभर तोच. संध्याकाळी घरी गेले की आमचे हे म्हणतात, "तुझ्या केसांना पावसाळ्याचा वास येतो."

कारण आम्ही रेनकोट बनवतो. आणि रेनकोट बनतात ते भर उन्हाळ्यात. होळीच्या आसपास काम वाढायला लागतं, जूनच्या तोंडावर माल दुकानात जातो, आणि लोक पहिली सर बघायला खिडकीत येतात तेव्हा आमचा सीझन संपलेला असतो. बाहेर ऊन रणरणत असतं आणि आम्ही बायका पत्र्याखाली बसून दुसऱ्यांच्या भिजण्याची काळजी करत असतो.

गेल्या आठवड्यात यंदाचा सीझन सुरू झाला. भिंतीवर तो रंगीत तक्ता पुन्हा लागला. तो बघितला आणि गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा माझ्या डोळ्यांसमोर येऊन बसला.

तक्त्याचं सांगायचं तर आधी चुलीचं सांगायला हवं. आमच्याकडे एक मशीन आहे, प्लॅस्टिकचे दोन तुकडे गरम दाबून एकमेकांना चिकटवणारं. त्याचं खरं नाव सीलिंग मशीन, पण आम्ही सगळ्या त्याला चूल म्हणतो. खाली तुकडे सरकवायचे, पायाने पेडल दाबायचं, वरून गरम पट्टी येते, चर्र होतं आणि शिवण बसते. प्रत्येक चर्रला थोडा धूर. पंखा लावता येत नाही, हलकं प्लॅस्टिक उडतं. दिवसभर तिथे कोणी बसूच शकत नाही. म्हणून पाळी. सकाळी एक, चहानंतर दुसरी, जेवणानंतर तिसरी. कोणी कधी बसायचं ते आमचं आम्ही ठरवायचो, कुठेही न लिहिता. मी लागायच्या आधीपासून ते तसंच चालत आलेलं होतं.

मला त्यात नवल कधी वाटलं नाही, कारण मी बावखलाच्या काठी वाढले. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. आमच्या वाडीतलं बावखल चार घरांचं मिळून होतं, आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. तरी एखाद्या घरी बाळंतीण असली, कोणी आजारी असलं, तर त्या घराची बाग दुसरं कोणीतरी शिंपून यायचं. त्याबद्दल कोणी आभार मानायचं नाही आणि कोणी बोलूनही दाखवायचं नाही. चुलीवरची पाळीही तशीच होती. पोटुशी बाई चुलीवर बसायची नाही, एवढंच.

मी माझ्या मुलीच्या वेळी पोटुशी होते तेव्हा माझ्या वाटची पाळी फिलूमावशी बसली होती. आपली झाली की माझी. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मावशी, तुला त्रास होईल." तर म्हणाली, "तू गप पानी पी. मना काय होतंय? मी म्हावरं भाजून भाजून धुरातच मोठी झालेय."

तर ही फिलूमावशी. नाव फिलोमिना, पण ते फक्त पगाराच्या वेळी ऐकू यायचं. ठेंगणी, माझ्या खांद्यालाही लागत नाही. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात एकटी. कामाला आमच्यात सगळ्यात जुनी. रेनकोटची टोपी जोडणं आणि खिसा बसवणं हे तिचं काम, आणि त्या खिशावर तिचा भारी जीव. पाऊस सुरू झाला की ती वसईच्या एसटी स्टँडवर मुद्दाम रेंगाळते आणि लोकांचे खिसे बघते. एकदा तर तिने एका अनोळखी बाईचा खिसा ओढूनच बघितला. ती बाई किंचाळली. मावशी म्हणाली, "अगो, चोर नाय मी. हा खिसा माझा हाय. गळतोय काय ते बघते."

कामाचं समाधान म्हणून जे काही म्हणतात, ते मी एवढंच बघितलं आहे. बाकी आम्ही घड्याळाकडे बघणाऱ्या.

पण त्या सगळ्या धुराने शेवटी मावशीला गाठलंच. गेल्या वर्षीच्या सीझनच्या आधीपासून तिला धाप लागायला लागली. चुलीजवळून नुसती गेली तरी खोकल्याची उबळ यायची, चेहरा लाल व्हायचा. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि तिची पाळी आपापसांत वाटून टाकली. वरती सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आदल्याच वर्षी एका बाईची कंबर धरली तर कंपनीने काळजीने डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरने काळजीने कागद दिला, आणि तिला फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं. मावशीला तो गुच्छ नको होता. "घरी बसून काय करू? भिंतीशी बोलू?" असं ती म्हणायची. भिंतीचा हा उल्लेख ती हसत करायची, पण तिच्या त्या हसण्याने मला वाईट वाटायचं.

आणि नेमके त्याच उन्हाळ्यात निखिलसर आले.

नवे मॅनेजर. तरुण, मऊ आवाजाचे, सगळ्यांना नावाने ओळखणारे. मला त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय. आधीचे मॅनेजर ओरडायचे, आणि ओरडणारा माणूस मला बरा वाटतो, त्याच्या पोटात काय आहे ते बाहेर आलेलं असतं. हे आमच्या घराण्यातच आहे. माझे बाबा कळ्यांच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करायचे. जो व्यापारी आधी चहा पाजायचा, त्याच्यासमोर बाबा स्वतःचा तराजू काढायचे.

निखिलसरांनी चहाच पाजला. जेवणाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या, कपबशा आणल्या, समोसे आणले. म्हणाले, "ही तुमची कंपनी आहे. निर्णयांत तुमचा सहभाग हवा. तुम्ही सांगा, आम्ही ऐकतो." मी समोसा खाल्ला, पण पाठ खुर्चीला टेकवली नाही.

पहिला निर्णय भिंतीच्या रंगाचा. फिकट निळा की फिकट हिरवा, हात वर करा. निळ्याला जास्त हात आले, टाळ्या झाल्या. मी मात्र आदल्याच दिवशी गोदामामागे डबे धुवायला गेले होते आणि तिथे निळ्या रंगाचे डबे रचून ठेवलेले पाहिले होते. मी हे वनिताच्या कानात सांगितलं. वनिता माझ्या शेजारी बसायची, मावशीएवढीच ठेंगणी. ती म्हणाली, "हिरव्याचेपण असतील दुसरीकडे." असतीलही. मी शोधले, मला दिसले नाहीत.

दुसऱ्या सभेत आम्ही पाठ टेकता येईल अशी स्टुलं मागितली. आठवड्यात आली. सगळ्या खूश. माझा मात्र जीव खालीवर. मागितलेलं नाही मिळालं तर मला राग येतो, पण मागितलेलं लगेच मिळालं तर मला झोप लागत नाही. मग एक कागद आला, रोज सुट्टी व्हायच्या आधी त्यावर खूण करायची. आज काम करून कसं वाटलं? हसरा चेहरा, सरळ चेहरा, रडका चेहरा. मी रोज सरळ चेहऱ्यावर खूण करायचे, कारण हसऱ्यावर केली तर म्हणतील काही बदलायला नको, आणि रडक्यावर केली तर विचारतील कोण रडतंय. मावशी हसऱ्यावर करायची आणि त्याला पेनाने टोपी काढायची.

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवसांत मी बदलत चालले होते, आणि ते मला आवडत नव्हतं. त्या नव्या स्टुलाला पाठ टेकली की बरं वाटायचं. सर "जयश्रीताई, तुमचं मत?" असं विचारायचे तेव्हा छाती फुगायची. एवढ्या वर्षांत माझं मत कोणी विचारलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. संशय घेणाऱ्या माणसाला गोड बोलणं आवडत नाही असं कोणी समजू नये. आवडतं, म्हणून तर संशय घ्यावा लागतो.

आणि मग स्नेहलने सांगून टाकलं.

स्नेहल आमच्यात सगळ्यात लहान, बोळिंजच्या सोसायटीत राहणारी, आईवडील साताऱ्याकडचे. हुशार, तोंडाची फटकळ, मनाची साफ. निखिलसरांनी विचारलं, "तुमच्या कामातली एखादी चांगली पद्धत सांगा, जी सगळ्या कंपनीने घ्यावी." स्नेहल उठून उभी राहिली. "सर, आमच्याकडे तर ऑलरेडी आहे. चुलीवर, म्हणजे सीलिंगला, आम्ही पाळी लावतो. कोणी सांगितलं नाही, आमचं आम्ही ठरवतो. भांडण नाही, काही नाही." पाळी शब्दावर पलीकडच्या दोघी तोंडाला ओढणी लावून हसल्या. सर घाईघाईने म्हणाले, "रोटेशन! एक्सलंट!" आणि टाळ्या वाजवायला लागले.

मी मावशीकडे बघितलं. ती पण टाळ्या वाजवत होती, अगदी हळू.

स्नेहलला दोष देत नाही मी. चांगली गोष्ट होती, म्हणून तिने अभिमानाने सांगितली. आमच्या बावखलाच्या पाळ्या पाहुण्यांना दाखवायला कोणी नेलं असतं तर मीसुद्धा मिरवत गेले असते. पण आमची ती पाळी जिवंत होती ती तिच्यात फटी होत्या म्हणून. पोटुशीची फट, तापाची फट, मावशीची फट. तक्ता आला त्यात फटी नव्हत्या.

सोमवारी तो भिंतीवर होता. नव्या निळ्या भिंतीवर, रंगीत चौकोनांचा. सगळ्यांना समान पाळी, कोणावर अन्याय नाही, वेळेला घंटा. फिलोमिना हे नाव गुलाबी चौकोनात. सरांनी विचारलं, "मान्य आहे ना? तुमचीच पद्धत आहे." सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. आपल्याच वस्तूला नको कसं म्हणायचं? आणि मावशीला वगळा म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं, कारण सांगितलं असतं तर गुच्छ आला असता. मावशीने तर दोन्ही हात वर केले.

जेवणाच्या सुट्टीत स्नेहल रडायलाच लागली. "जयूताई, मला वाटलं सर खूश होतील." मी म्हटलं, "झाले ना खूश." त्यावर ती आणखी रडली. मावशीने तिच्या डब्यात स्वतःच्या डब्यातलं लोणचं वाढलं.

त्या वेळी उपवासकाळ चालू होता, ईस्टरच्या आधीचा. मावशी मांस-मासळी सोडून होती, वायफळ बोलणंही सोडायचं ठरवलं होतं, ते जमत नव्हतं. तर त्या सभेनंतर सरांनी आम्हाला आणखी एक भेट दिली. प्रत्येकीला नवा ॲप्रन, गुडघ्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा, छातीवर नाव शिवलेलं. "तुमची ओळख," असं म्हणाले. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि छातीवर नाव. मी तो ॲप्रन हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. आपलं नाव छातीवर आलं म्हणजे लांबून सरांच्या काचेच्या केबिनमधून मोजायला सोपं, हे माझ्या लक्षात आलं. मग दुसरंही लक्षात आलं. टोपी-मास्क घातल्यावर डोळेच उरतात, आणि नाव कापडावर आहे, अंगावर नाही.

घंटा झाली की मावशीचा ॲप्रन वनिता घालायची. दोघी एका उंचीच्या. वनिता चुलीवर, मावशी वनिताचा ॲप्रन घालून टोप्यांच्या टेबलावर. वनिताची स्वतःची पाळी आम्ही दुसऱ्या जणी वाटून घ्यायचो, तिच्या नावाच्या ॲप्रनमध्ये. पहिल्या दिवशी मला केबिनकडे बघवत नव्हतं. काच चमकत होती, आतलं काही दिसत नव्हतं.

मावशीला वेगळीच चिंता. "जयू, आता फादरांना काय सांगू? पापकबुलीला जायचंय."

"काय सांगायचंय? तू कुठे खोटं बोललीस?"

"बोलले नाय. पन दुसरीचं नाव छातीवर लावून बसले ना."

"मग सांग, वनिताची टोपी जोडली म्हणून."

नंतर तिने फादरांना काय सांगितलं, कोण जाणे. मात्र ईस्टरनंतर आली ती डबाभर फुगे घेऊन, गव्हाच्या पिठाचे गोल तळलेले, अजून कोमट. म्हणाली, "फादर हसले." एवढंच.

असा तो उन्हाळा गेला. दुपारी समुद्राचा वारा सुटायचा आणि आमच्यापर्यंत पोचायच्या आत पत्र्यांवर तापून जायचा. संध्याकाळी रिक्षातून जाताना कोपऱ्यावर ताडगोळेवाला. अंगावर दुसरीच्या नावाचा घाम, असं मला वाटायचं आणि हसू यायचं. एक सांगते, त्या दिवसांत काम करून मला जसं बरं वाटलं तसं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. भीती होती, घसा जळत होता, तरी बरं वाटत होतं. चेहऱ्यांच्या कागदावर मी तेव्हाही सरळ चेहऱ्यावरच खूण केली.

सीझन संपताना कार्यक्रम झाला. मांडव, सरबत, बक्षिसं. निखिलसरांनी माइकवर जाहीर केलं, "सीलिंग मशीनवर एकही पाळी न चुकवणाऱ्या, सगळ्यात स्वच्छ शिवण देणाऱ्या, आणि वयाने आपल्या सगळ्यांत मोठ्या, फिलोमिनाताई!" वनिताने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मावशी स्टेजवर गेली, कॅसरोलचा खोका घेतला, माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हे माझं नाय. ह्या सगळ्यांनी केलंय."

खरं बोलली. अगदी शब्दाला शब्द खरं. आणि सर म्हणाले, "याला म्हणतात टीम स्पिरिट!" सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांच्याच होत्या.

वर्षभर मी त्या टाळ्यांचा विचार केला. त्यांना कळलं नसेल, तर तो माणूस फक्त तक्ता बघतो, माणसं बघत नाही, आणि मग माझा संशय सोपा आहे. पण कळलं असेल तर?

यंदा वनिता नाही. तिने विरारला पोळीभाजीचं दुकान काढलं. परवा तक्त्यात गुलाबी चौकोन आला, घंटा झाली, आणि मावशीचा ॲप्रन घ्यायला मीच पुढे झाले. मी उंच. ॲप्रन मांडीच्या वरच राहिला, बाह्या कोपरापर्यंत आल्या. म्हटलं, बसल्यावर काय कळतंय. चुलीवर बसले, पेडल दाबलं, चर्र झालं.

केबिनचं दार उघडलं. निखिलसर कधी चुलीजवळ येत नाहीत. त्या दिवशी आले. माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांची नजर माझ्या कोपरावर, मग गुडघ्यावर, मग छातीवरच्या नावावर. मला वाटलं, संपलं. मावशीचा गुच्छ आता बांधायला टाकणार.

ते म्हणाले, "काय फिलूमावशी, दम लागत नाही ना?"

मी मान हलवली.

"काही लागलं तर सांगा." आणि गेले.

फिलूमावशी म्हणाले. फिलोमिनाताई नाही. आम्ही म्हणतो तसं. माझी पुढची शिवण तिरकी बसली. मग राग आला, खूप राग आला, कारण एवढा घाम गाळून आम्ही जे लपवलं ते आता त्यांच्या हातात होतं. आज मऊ आवाजात ठेवतील, उद्या कधी कडक आवाजात काढतील. मावशीची नोकरी आमच्या पाळीवर उभी आहे असं मी समजत होते, ती त्यांच्या गप्प बसण्यावर उभी आहे की काय?

जेवताना मी मावशीला सगळं सांगितलं. "त्यांना कळलंय. कधीपासून ते माहीत नाही, पण कळलंय."

ती भाकरी मोडत होती. "कळू दे ना. कळून गप बसतो, म्हन्जे तो पन पाळीत आला."

"पाळीत आला असेल तर बसू दे एकदा चुलीवर," मी म्हटलं.

मावशीला ते चित्र दिसलं असावं, सर टोपी-मास्क लावून पेडल दाबतायत. ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, ठसक्यातून उबळ आली, आणि उबळ थांबेना. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, हाताने टेबल धरलेलं. मी पाणी पुढे केलं, तिला घेता येईना. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. निखिलसर, आणि त्यांच्याबरोबर मालक.

मी खोकायला लागले. काही ठरवून नाही, आपोआपच. मोठ्याने, छातीतून. स्नेहलने माझ्याकडे बघितलं आणि डबा बाजूला सारून तीही खोकायला लागली. मग पलीकडची, मग तिच्या पलीकडची.

मालक दारात थांबले. "काय झालं सगळ्यांना?"

आम्ही खोकतच होतो. निखिलसरांनी एकदा सगळ्या टेबलावरून नजर फिरवली. मावशीवर ती थांबली की नाही, मी शपथेवर सांगू शकत नाही.

"मिरचीची फोडणी असेल," ते म्हणाले, आणि मालकांना घेऊन पुढे गेले.

त्या दिवशी आसपास कुठेच फोडणी पडली नव्हती. मावशीचा श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही थांबलो नाही.